समेच्या शोधात केंब्रिज

सांगलीत मी सहा वर्षे तबला शिकलो आणि तो मला कधीच आला नाही. मात्र त्या शिक्षणाची एक खोड माझ्या उजव्या हाताला कायमची जडली. गाणे सुरू झाले की हा हात आपण होऊन मांडीवर टाळी-खाली मोजू लागतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवल्याखेरीज जिवाला स्वस्थता मिळत नाही. अशा माणसाला सिड बॅरेटची गाणी ऐकायला नेऊ नये, हे माझ्या मेहुण्याला कळायला हवे होते. परंतु तो राहतो केंब्रिजला, आणि तिथेच जन्मलेला हा 'पिंक फ्लॉइड' या रॉक बँडचा संस्थापक त्याला ग्रामदैवताच्या ठिकाणी आहे. "भाऊजी, स्वीडनहून अख्खा सिंफनी ऑर्केस्ट्रा येतोय. तुम्हाला शास्त्रीय आवडतं ना?" असे म्हणून त्याने २७ ऑक्टोबर २०१६ चे तिकीट माझ्या हातात ठेवले. 'शास्त्रीय' या एका शब्दाने माझा घात केला.

कार्यक्रम कॉर्न एक्स्चेंजमध्ये होता. एकोणिसाव्या शतकातली ही धान्यबाजाराची इमारत म्हणजे आमच्या मार्केट यार्डाची गोरी मावसबहीण. फक्त हळदीचा वास तेवढा नव्हता. वाटेत मेहुण्याने भक्तिभावाने दोन कथा सांगितल्या, त्या ऐकूनच मी परतायला हवे होते. पहिली १९६८ च्या आरंभीची: बॅरेटने साथीदारांना एक नवे गाणे शिकवायला घेतले आणि ते जरा बसते आहे असे वाटले की दर वेळी चाल बदलून तो "जमलं का?" असे विचारत राहिला. दुसरी त्याच्या पहिल्या एकल अल्बमच्या वेळची: 'सॉफ्ट मशीन' या बँडच्या वादकांनी स्वर कोणता असे विचारले, तर उत्तर मिळाले, "हो." पेटीवाल्याने "बुवा, पट्टी कुठली?" म्हणावे आणि बुवांनी "हो" म्हणून तान घ्यावी, असा तो प्रकार.

'मेन ऑन द बॉर्डर' हा स्वीडिश बँड पुढे आणि मागे स्वीडनमधल्याच सँडव्हिकेनचा वाद्यवृंद, अशी ती साथसंगत होती. मी सोळा मात्रांचा त्रिताल धरला. चार ओळी सुरळीत गेल्या आणि पाचवीला तेराव्या मात्रेवरच ओळ संपली. शब्दांना जेवढ्या मात्रा लागतील तेवढ्याच द्यायच्या, उरल्या तर टाकून द्यायच्या, कमी पडल्या तर उसन्या घ्यायच्या, हा बॅरेटचा हिशेब मला नवा होता. मी झपताल करून पाहिला, रूपक करून पाहिला, आणि अखेर जी सम मला सापडली म्हणून मी हर्षाने हात आपटला, ती शेजारच्या पांढऱ्या शेंडीवाल्या आजोबांच्या गुडघ्यावर सापडली. त्यांना तो माझ्या भावनेचा उमाळा वाटला असावा, कारण त्यांनी माझा हात प्रेमाने थोपटला आणि बराच वेळ सोडला नाही.

मला खरी दया आली ती व्हायोलिनवाल्यांची. एका माणसाने लहरीत गाळलेली मात्रा आता कागदावर लिहिलेली होती आणि ती सगळ्यांनी मिळून, एकाच क्षणी, गंभीर चेहऱ्याने गाळायची होती. एका मुलाने वर्गात केलेली खोडी पुढे साऱ्या शाळेने कवायत म्हणून करावी, तसे ते दिसत होते. (सूर मात्र काही ठिकाणी इतके गोड लागले की मी दोन-तीनदा मोजायचे विसरलो, हे मेहुण्याला मी अद्याप सांगितलेले नाही.)

टाळ्यांच्या गडबडीत आजोबा माझ्याकडे वळले. १९७२ च्या फेब्रुवारीत याच सभागृहात बॅरेट 'स्टार्स' या आपल्या नव्या बँडसह वाजवायला उभा राहिला आणि ते सगळेच फसले, त्या रात्री ते तिथे होते म्हणे. त्यानंतर लवकरच त्याने रंगमंच सोडला आणि उत्तरायुष्य याच गावात चित्रे काढत, बाग करत, सायकलवरून बाजारहाट करत घालवले. "तेव्हाही कुणाला मोजता आलं नव्हतं," आजोबा म्हणाले आणि त्यांनी माझा हात शेवटी माझ्या स्वाधीन केला.

फलाटावर निरोप देताना मेहुण्याने विचारले, "काय भाऊजी, जमलं का?"

मी "हो" म्हणालो आणि डब्यात चढलो. गाडीच्या खडखडाटाला बऱ्यापैकी त्रिताल बसत होता. पुढच्याच स्थानकावर शेजारच्या बाईंनी जागा बदलली.