तसा बरा आहे

मार्केट रिसर्चची इंटर्नशिप म्हटली की घरच्यांना वाटतं, पोरगं एसीत बसून आलेख काढणार. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब आणि शोकार्डांचा, म्हणजे लोकांना दाखवायच्या छापील कार्डांचा, गठ्ठा पडतो. पुढे दोन महिने दारोदार चहा विचारायचा. म्हणजे कोणता पिता, किती घेता, तो का आवडतो वगैरे. आपल्याला चहा कुणी विचारत नाही.

आवडेल ते दार ठोठावता येत नाही. सुरुवातीचा पत्ता वरून ठरवून दिलेला असतो. तिथून उजवा हात भिंतीला लावल्यासारखं चालायचं आणि एक मुलाखत झाली की ठरलेली घरं सोडून पुढचं दार. पेठेतल्या जुन्या वाड्यात या नियमाने चाललं की चौथ्या वळणाला आपण पुन्हा त्याच नळापाशी येतो. नव्या सोसायट्यांत वळणांचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे वॉचमन असतो. संख्याशास्त्राच्या पुस्तकात यादृच्छिक निवडीवर पानंच्या पानं आहेत, वॉचमनवर एक ओळ नाही. गेटमागची अख्खी श्रीमंती नमुन्यातून गळते ती त्याच्या एका ‘आत सोडत नाही’मुळे.

दार उघडलंच, तरी उघडणाऱ्याशी बोलायची मुभा नाही. घरातल्या प्रौढांची वयानुसार यादी करायची आणि किश ग्रिड सांगेल त्यालाच विचारायचं. लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला हा तक्ता आता टॅबच्या पोटात असतो. तो हटकून त्या मुलाला निवडतो, जो हिंजवडीहून रात्री साडेनऊला उगवतो. समोर आजोबा बसलेले, वेळ भरपूर आणि मतं त्याहून भरपूर, पण ते बाद. कारण चोख आहे: दुपारी घरात सापडणाऱ्यांनाच विचारत सुटलं तर सगळं शहर निवृत्त झालंय असा निष्कर्ष निघेल. हे आजोबांना पटवून देणं मात्र प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

मग घराची प्रतवारी. ए वनपासून ई थ्रीपर्यंत बारा पायऱ्या. त्या ठरतात दोनच गोष्टींवर: मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ठरलेल्या अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी असं करत यादी एसी आणि मोटारीपर्यंत जाते. मोबाईलला त्यात जागा नाही, पण शेतजमिनीला आहे. इथेच गाडी अडते.

“शेती आहे का?”

“आहे की. पण भावाभावांत दावा चालू आहे.”

टॅबवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दोन गोल. निकाल लागेपर्यंत थांबायची सोय नाही.

खरी परीक्षा पुढे. आधी काहीही न दाखवता विचारायचं, चहाचा कोणता ब्रँड आठवतो? काकू म्हणतात, “लाल पुडीतला.” नाव सुचवलं तर मुलाखत नासली, फक्त “आणखी?” एवढंच विचारायचं. शोकार्ड नंतर काढायचं, तेही प्रत्येक घरी क्रम बदलून, नाहीतर सगळ्यात वर छापलेला ब्रँडच महाराष्ट्राचा लाडका ठरतो. एवढं करून काकू नाक्यावरचा सुटा चहा पाव किलो आणत असतात. तो जातो ‘इतर’मध्ये.

आणि मग पाचाची पट्टी. एक म्हणजे अजिबात समाधानी नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी. काकू विचार करून सांगतात, “तसा बरा आहे.” आता हा ‘तसा बरा’ बसवायचा कुठे? सुरावर अवलंबून तो दोनही असतो आणि चारही. आपण “म्हणजे चार लिहू?” म्हटलं की काकू “लिही बाबा” म्हणणार आणि ते मत आपलं होणार. टॅब आवाज टिपत असतो, म्हणून तसं करता येत नाही. तीनदा वाचून दाखवूनही आकडा निघाला नाही, तर ‘सांगता येत नाही’. त्याचा कोड ९९.

हा ९९ पुढे ऑफिसात उगवतो. समजा, १०० जणांपैकी ९० जणांनी चार गुण दिले आणि दहा जण ‘सांगता येत नाही’त गेले. इंटर्न एक्सेलमध्ये उत्साहाने सरासरी काढतो. पाचपैकी साडेतेरा! चहाला एवढे गुण चहाच्या मालकानेही दिले नसते. ते दहा ९९ आधी गाळायचे असतात. गाळले की सरासरी चोख चार येते आणि स्लाइडवर मोठ्या अक्षरांत चढतं: ग्राहक समाधानी.

काकू त्या गाळलेल्या दहांत आहेत.