वारा पडला म्हणून पॅराग्लायडर पडत नाही
कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘पाचगणीला पॅराग्लायडिंग करू नका, वारा थांबला की माणूस दगडासारखा खाली.’ हे साफ चूक आहे. पॅराग्लायडर म्हणजे कापडाचा पंखच. वारा पडला तरी तो सेकंदाला साधारण मीटर-सव्वा मीटर उतरत, पुढे सरकत जमिनीवर येतो.

धोका आहे तो जोराच्या, गोंधळलेल्या वाऱ्याचा. त्यात कापड एका बाजूने मिटू शकतं. म्हणून पायलट ‘आज नको’ म्हणाला तर हुज्जत घालू नका राव. पहिल्यांदा टँडमच घ्या, म्हणजे पायलटसोबत एकाच पंखाखाली दोघांनी उडायचं. मांड्यांचे पट्टे लागलेत का, ते उडण्यासाठी धावायच्या आधी हात लावून बघा. ते सुटे राहून माणसं गेली आहेत. रिझर्व्ह पॅराशूट, म्हणजे पंख बिघडला तर उघडायची जादा छत्री, आहे का, तेही विचारा. पावसाळ्यात मात्र नादच नको.