'मूठमाती' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बाबांवरच्या लेखात मी 'अंबाझरी घाटावर बाबांना मुठमाती दिली' असं लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया : "दहन झालेल्याला मूठमाती कशी देणार? दफन आपल्यात नसतंच. नागपूरकडे मराठी अशीच चालते का?"

'मू' दीर्घ हवा होता, माझ्याकडून ऱ्हस्व पडला. दुरुस्त केलाय, आभार.

पण नुकतेच वडील गेलेल्या माणसाशी बोलायची ही रीत झाली का? शब्द खटकला, एवढं सांगून थांबता आलं असतं. मधे 'नागपूरकडे' कशाला? मी नागपूरच्या महाल भागात जन्मलो, तिथेच वाढलो. बाबा गेले त्या सकाळी दारात येणारा प्रत्येक जण हेच विचारत होता, "मातीले किती वाजता निघाचं?" लाकडं सांगून झाली होती, दहन आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी शब्द 'माती'च. मौतमातीला गेलो म्हटलं की जाळलं का पुरलं, हे कोणी विचारत नाही. रूढींना तिलांजली देणाऱ्याच्या हातात तुम्ही तीळ शोधता का?

आणि 'आपल्यात' म्हणजे नेमकं कोणात? लिंगायत पुरतात, तेही बसवून. महानुभावांत निक्षेप असतो, म्हणजे दफनच. तान्हं मूल गेलं तर तुमच्याही घरी जाळत नसतील. नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणीला जाऊन या. सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातल्या दफनांची. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1879 साली त्यांवर लिहून ठेवलंय. इथल्या माणसाला माती देणं परकं आहे, असं कृपा करून सांगू नका.

माझा धाकटा भाऊ अकरा दिवसांचा होऊन गेला. मी आठ वर्षांचा होतो. काकाने खड्ड्यात मीठ पसरलं, वर ते पांढरं गाठोडं ठेवलं आणि मला म्हणाला, "टाक बाप्पा." मी मूठ सोडेना, तेव्हा त्यानेच माझी बोटं एकेक करून उघडली. ओली काळी माती, घरी येईपर्यंत नखांत होती. शेजारी बाबा उभे होते. तो शब्द मला तिथे मिळाला, म्हणून त्यांच्यासाठी तोच आला.

लेख लांबला, घाटाचं वर्णन नको होतं वगैरे बाकीचं असू द्या, त्यावर मला काही बोलायचं नाही. ते वाक्य मी बदलणार नाही.