अवनी, अन्वी, आर्वी की उर्वी?

भाचीचे नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते आणि पहिली भाची होईपर्यंत प्रत्येक आत्या ते खरेही मानते. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला येते ते निवेदिकेचे काम. नाव इतरांनी ठरवायचे, तिने पाळण्यात वाकून ते बाळाच्या कानात सांगायचे आणि सांगून होताच जमलेल्या बायका ‘कुर्रर्र’ करत पाठीत जे धपाटे घालतील ते हसत सोसायचे. दादाला मुलगी झाली तेव्हा या धपाट्यांची माझी पूर्ण तयारी होती. चार सारख्याच नावांच्या मधे उभे राहून मध्यस्थी करावी लागेल, याची मात्र मला कल्पना नव्हती.

वहिनींना अवनी हवे होते, दादाला अन्वी, वहिनींच्या आईंना आर्वी आणि आमच्या आईला उर्वी. एकाला भागीरथी आणि दुसऱ्याला कियारा हवे असते, तर निदान सरळ भांडता आले असते. येथे दुसऱ्याच्या नावाला नाक मुरडावे, तर त्यात आपल्याच नावाची निम्मी अक्षरे निघत. त्यामुळे सगळे एकमेकांशी अतिशय गोड बोलत होते आणि आमच्या घरात गोड बोलणे हे वातावरण बिघडल्याचे पहिले लक्षण असते. बाबा निवृत्त मराठी शिक्षक असून त्यांना अलीकडे कमी ऐकू येते. चौघांची नावे त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि “सगळ्यांचे एकमत झाले हे फार बरे झाले, ओवी हे नाव उत्तमच आहे,” असे जाहीर केले. अशा रीतीने पाचवे नाव स्पर्धेत उतरले.

अर्थावरून निवड करावी, ही सूचना माझीच. अवनी म्हणजे पृथ्वी. उर्वी म्हणजेही पृथ्वी. वहिनींच्या मावशींनी नवेपणा म्हणून इरा, मही, धरा आणि क्षिती अशी नावे पाठवली, त्या सगळ्याही पृथ्वीच. (पृथ्वीला इतकी नावे देणाऱ्या पूर्वजांना चंद्राची नावे मुलांसाठी राखून ठेवायची असावीत, असा माझा संशय आहे.) अन्वीचा अर्थ दादाला मोबाइलवर दर ठिकाणी निराळा सापडत होता आणि सगळेच अर्थ चांगले असल्यामुळे त्याचा विश्वास उलट वाढत होता. आर्वीचा अर्थ शोधण्याची वेळच आली नाही, कारण बाबांनी चष्मा पुसत आर्वी हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव असल्याचे सांगितले. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूलाही एक आर्वी असून तेथे उपग्रह भूकेंद्र आहे, अशी भर दादाने घातली. म्हणजे तेथेही शेवटी पृथ्वी आलीच. वहिनींच्या आई त्यानंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

सारखी नावे हे आजकालचे फॅड आहे, असे आई अधूनमधून म्हणत होती. ते मला मुळीच मान्य नाही. तिची स्वतःची पिढी मंदा, नंदा, कुंदा आणि चंदा यांनी भरलेली आहे. त्या काळी घरोघरी बहिणींची नावे एकाच साच्यातून निघत आणि आमची आजी तर काम सांगायचे झाले की नावाचे नुसते शेपूट ओरडत असे; जी मुलगी आधी येईल तिच्या हाती केरसुणी. पुढच्या पिढीने अनिता, सुनीता आणि विनीता करून तीच परंपरा चालवली. अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही ती, आणि या नावाच्या किती मुली आता एकेका वर्गात बसतात, हे शिक्षकांना विचारावे.

मग पंचांग आले. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण आणि अशा १०८ चरणांना एकेक अक्षर वाटून दिलेले. आमच्या बाळाचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावरचा निघाला आणि त्याचे अक्षर आहे ‘ण’. बाबांनी संपूर्ण सेवाकाळात ‘ण’ने सुरू होणारा मराठी शब्द पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांना विलक्षण आनंद झाला. या अक्षरावर एकसारखी चार नावे निघण्याची भीती नव्हती, हा त्याचा मोठाच गुण; पण एकही निघत नव्हते. बारशाला कुलदेवतेचे, महिन्याचे, नक्षत्राचे आणि व्यवहाराचे अशी चार नावे ठेवण्याची पद्धत आहे, तेव्हा चौघांना एकेक नाव वाटून द्यावे, अशी तोड मी काढली. ती कोणालाच पसंत पडली नाही, कारण प्रत्येकाला व्यवहाराचेच हवे होते.

दादाने कायद्याचा आधार शोधला. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, पण नाव मागाहून घालता येते. पहिल्या १२ महिन्यांत विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. हे वाचून त्याचा चेहरा उजळला. वहिनींनी मुलीने दहावीचा अर्ज कोणत्या नावाने भरायचा, एवढेच विचारले आणि तो विषय संपला.

शासनाने मात्र एक काम चोख केले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला आहे. हा निर्णय मला मनापासून आवडतो. पण ‘अवनी’तील एक अक्षर बदलून त्याआधी अनुस्वार दिला की थेट वहिनींचेच नाव होते. दादाने दोन्ही नावे एकापुढे एक कागदावर लिहून पाहिली. लिहिताना चूक झाली म्हणून तेच नाव पुन्हा लिहिले आहे, असे कोणालाही वाटले असते आणि एखाद्या कर्तव्यदक्ष लिपिकाने त्यांपैकी एक खोडलेही असते. वहिनींनी अवनी मागे घेतले. त्या बदल्यात, शाळेतली मुले ‘अन्वी’चे पहिल्याच दिवशी ‘अनवाणी’ करतील, हे त्यांनी दादाच्या लक्षात आणून दिले. चांगल्या नावाचाही असा एका क्षणात निकाल लागतो. तो शब्द एकदा कानात बसल्यावर दादाला त्या नावाकडे सरळ पाहता येईना.

चारांतले एकच उरल्यामुळे उर्वी ठरले. शाळेत तिचे ‘उरलीसुरली’ होईल हे मला तेव्हाच सुचले होते, पण आत्यालाही काही जबाबदारी असते.

येथे बाबांचे कान नसले तरी डोळे जागे झाले. शेवटच्या वेलांटीबद्दल त्यांना चिंता नव्हती, कारण साहित्य महामंडळाच्या नियमांनी व्यक्तिनामे दीर्घान्तच केली आहेत. प्रश्न पहिल्या अक्षराचा होता. ऊर्मी दीर्घ आणि उर्वी ऱ्हस्व, हे त्यांनी प्रत्येकाला बजावले, पाळण्यावर लावायच्या अक्षरांतला ‘ऊ’ स्वतःच्या हाताने उतरवला आणि कानात सांगताना ऱ्हस्वच सांग, अशी मलाही ताकीद दिली. मी ऱ्हस्वच सांगितले. ‘कुर्रर्र’च्या गदारोळात मागच्या बायकांनी ‘पूर्वी’ ऐकले, दाराशी उभ्या असलेल्यांनी ‘ओवी’ ऐकले आणि बाबांना स्वतःलाही तेच ऐकू आले, म्हणून ते फार खूश होते.

पुढच्याच महिन्यात चुलत भावाकडे मुलगी झाली आणि आमच्याकडची न वापरलेली नावे मिळतील का, अशी त्याच्या बायकोने अत्यंत नम्रपणे विचारणा केली. आईने यादी देण्यास साफ नकार दिला. ती नावे तिने माझ्या धाकट्या भावासाठी राखून ठेवली आहेत. त्याचे लग्न अजून ठरायचे आहे.