‘जेवढी सूट, तेवढी बचत’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

सेलचे दिवस जवळ आले की एक संदेश हमखास फिरू लागतो. जेवढे टक्के सूट तेवढी बचत, ‘एकावर एक मोफत’ म्हणजे वस्तू निम्म्या किमतीत, सूट खोटी असती तर ग्राहकांनी ती केव्हाच ओळखली असती आणि म्हणून मुदत संपण्याआधी खरेदी उरकावी, असा त्याचा आशय असतो. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

टक्केवारीचेच आधी पाहू, कारण बाकीचा डोलारा तिच्यावर उभा आहे. सूट कशातून वजा केली, हे टक्केवारी सांगत नाही. एरवी ६० ला विकली जाणारी वस्तू १०० ची म्हणून लिहायची, तो आकडा खोडायचा आणि ‘४० टक्के सूट’ असा फलक लावायचा, एवढे केले की ग्राहकाचे काहीही न वाचता सूट मात्र जाहीर होते. ही पळवाट बुजवण्यासाठी युरोपीय संघाने २०१९ मध्ये निर्देश काढला. २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या त्या नियमानुसार सूट जाहीर करताना, मोजके अपवाद वगळता, आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. तरीही एका सुपरमार्केट साखळीने ती किंमत छापली खरी, पण टक्केवारी काढली ती लगतच्या चढ्या किमतीवरून. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाला सांगावे लागले की टक्केवारीसुद्धा त्या सर्वांत कमी किमतीवरूनच मोजली पाहिजे. शिवाय ‘५० टक्के आणि त्यावर आणखी २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६० टक्के, कारण दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर मिळते. ‘७० टक्क्यांपर्यंत’ या शब्दातला ‘पर्यंत’ किती बारीक छापतात, हे ज्याने त्याने फलकाजवळ जाऊन पाहावे.

‘एकावर एक मोफत’ निम्म्या किमतीत पडते ते दोन्ही वस्तू खरोखर वापरल्या जाणार असतील आणि एका वस्तूची किंमत आधी वाढवलेली नसेल तरच. ‘२५ टक्के जादा’ ही प्रत्यक्षात २० टक्क्यांचीच सूट असते, कारण १०० च्या भावात १२५ मिळाले की १०० चा भाव ८० पडतो. याच्या उलटही घडते. कपडे धुण्याच्या पावडरीचा खोका समोरून तेवढाच उंच आणि रुंद राहतो, जाडी तेवढी बोटभर कमी होते आणि खालच्या कोपऱ्यात एक किलोच्या जागी ९०० ग्रॅम येते. किंमत तीच राहिली, तरी भाव ११ टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो. मोठा पॅक नेहमीच स्वस्त पडतो हेही गृहीत धरू नये. दर किलोचा किंवा दर लिटरचा भाव काढल्याशिवाय दोन पॅकांची तुलनाच होत नाही.

ग्राहकांनी खोटी सूट ओळखली असती, हा युक्तिवाद वरवर पटतो, पण अनुभव वेगळा आहे. अमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या लेखातल्या एका प्रयोगात आधी आकडे लिहिलेले एक चक्र फिरवले जाई आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचे प्रमाण किती टक्के, असे विचारले जाई. चक्रावर १० आले त्यांच्या उत्तरांचा मध्यांक (चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे उत्तर) २५ होता आणि ६५ आले त्यांच्या उत्तरांचा ४५. प्रश्नाशी काडीचाही संबंध नसलेला आकडा एवढे करतो, तर वस्तूवरच लटकणारा खोडलेला आकडा किती करत असेल! जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीने २०१२ मध्ये कूपने आणि वारंवारचे सेल बंद करून सरळ कमी किमती लावल्या, तेव्हा वर्षभरात तिची विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घटली. घसरणीला इतरही कारणे होती, मात्र पुढच्याच वर्षी कंपनीने सेल आणि कूपने परत आणली.

हंगाम सरल्यावर उरलेला किंवा मॉडेल बदलल्यामुळे पडून राहिलेला माल खरोखर स्वस्तात निघतो, हे मान्यच आहे. मुदतीचे मात्र फारसे मनावर घेऊ नये. एका संकेतस्थळावर मी ‘फक्त दोन तास’ असे उलटे मोजणारे घड्याळ पाहिले होते. दुसऱ्या दिवशी पान पुन्हा उघडले, तेव्हा ते पुन्हा दोन तासांवरूनच सुरू झाले होते.