छत्तीस सेंट, एक नाव आणि लंडनमधले दोन आठवडे

अमेरिकन गायिका टीना टर्नरबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'पुनरागमन' हा शब्द हजर असतो. मला तो सहन होत नाही. तिलाही होत नव्हता. २०२१ साली आलेल्या तिच्यावरच्या माहितीपटात ती सांगते की १९८४ च्या 'प्रायव्हेट डान्सर' या अल्बमला ती पुनरागमन मानतच नाही. टीना त्याआधी कधी आलीच नव्हती, ते टीनाचं पदार्पण होतं. तेव्हा तिचं वय ४४ होतं, आणि तिच्या पहिल्या हिट गाण्यालाही २४ वर्षं होत आली होती.

हे आज लिहायचं कारण एक वाद. माझा एक मित्र जुन्या रेकॉर्डी जमवतो. माणूस जाणकार आहे, त्याचा कान मी मानते. तो परवा म्हणाला, "१९७१ पर्यंतची टीना खरी. पुढे तिनं सोल सोडलं, पॉप विकलं, आणि तेही चाललं ते युरोपात." (सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावपूर्ण संगीत.) तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही. राग आला की माझे शब्द पळतात. म्हणून आता शांतपणे लिहिते.

आधी ते 'युरोपात चाललं' प्रकरण घेऊ, कारण ते १९८४ चं नाहीच. ते १९६६ पासूनचं आहे.

त्या वर्षी निर्माता फिल स्पेक्टरनं टीनाकडून 'रिव्हर डीप, माउंटन हाय' गाऊन घेतलं. रेकॉर्डवर नाव 'आइक अँड टीना टर्नर', पण नवरा आइक त्यात कुठेच नाही. मागे वाद्यांची अख्खी भिंत, आणि ती भिंत फोडून बाहेर येणारा तिचा आवाज. ब्रिटनमध्ये हे गाणं तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेत ८८ वर अडकलं. गाणं तेच, बाई तीच, वर्षही तेच! अमेरिकेत कृष्णवर्णीयांची रेडिओ स्टेशनं वेगळी, पॉपची वेगळी. पहिल्यांना ते फार 'पॉप' वाटलं, दुसऱ्यांना फार 'काळं'. दोन्ही दारांतून ते परत पाठवलं गेलं. ब्रिटनमध्ये वंशभेद नव्हता असं मी म्हणणार नाही, होताच. पण तिथे सगळ्यांची गाणी एकाच यादीत मोजली जायची. हे गाणं त्या यादीत चढलं, त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स या बँडच्या ब्रिटन दौऱ्यात तिला जागा मिळाली, आणि ब्रिटिश कानाला तिची सवय लागली ती कायमची. १९७३ मध्ये तिनं आपल्या गावावर लिहिलेलं 'नटबुश सिटी लिमिट्स' आलं, तेव्हाही तेच झालं: ब्रिटनमध्ये चौथं, अमेरिकेत बाविसावं.

तेव्हा मित्रा, ती युरोपात 'चालली' नाही. युरोपनं तिला आधीपासून ऐकलं होतं.

मधली वर्षं सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर सिनेमा निघाला, म्हणून मी थोडक्यात सांगते. जुलै १९७६, डॅलस. मारझोड करणारा नवरा हॉटेलच्या खोलीत झोपलेला असताना ती निघाली. हायवे ओलांडून समोरच्या दुसऱ्या हॉटेलात गेली. जवळ ३६ सेंट आणि पेट्रोलचं एक कार्ड. १९७८ मध्ये घटस्फोट झाला. कोर्टात तिनं आग्रह धरला तो नावाचा. 'टीना टर्नर' हे नाव माझं, बाकी तुझं तुला ठेव. मूळची ती ॲना मे बुलक, टीना हे नाव आइकनंच ठेवलेलं. पण ते नाव मोठं केलं कोणी? रद्द झालेल्या कार्यक्रमांची देणी तिच्या डोक्यावर आली, आणि ती फेडण्यासाठी ती लास व्हेगासच्या हॉटेलांत, टीव्हीच्या खेळांत, मिळेल तिथे उभी राहिली. दोन सोलो अल्बम काढले, दोन्ही पडले. 'हिचे दिवस संपले' हे अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांचं ठरलेलं मत होतं.

आता जिथे मला रेंगाळायचं आहे तिथे येते.

इंग्लंडमधलं शेफील्ड हे पोलादाचं शहर. तिथली दोन तरुण मुलं, मार्टिन वेअर आणि इयन क्रेग मार्श, सिंथेसायझरवर संगीत करायची. 'हेवन १७' हा त्यांचाच बँड. जुनी गाणी वेगवेगळ्या गायकांकडून नव्यानं गाऊन घ्यायचा एक अल्बम ते १९८२ साली करत होते. टेम्प्टेशन्स या सोल गटाचं 'बॉल ऑफ कन्फ्यूजन' सोल गायक जेम्स ब्राउन गाणार होता, ते जमलं नाही, आणि टीना आली. वेअरनं पुढे हा किस्सा सांगितलाय. ती स्टुडिओत शिरली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, बँड कुठाय? त्यानं कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवलं.

तिच्या जागी दुसरी कोणी असती, वीस-पंचवीस वर्षं घामाघूम वादकांसमोर गायलेली, तर तिनं नाक मुरडलं असतं. आपल्याकडेही ख्याल गाणाऱ्यानं भावगीत म्हटलं की भुवया वर जातात, मग यंत्राबरोबर गाणं तर विचारूच नका. ती मात्र उभी राहिली आणि गायली.

त्याच वेअरबरोबर तिनं पुढच्या वर्षी सोल गायक अल ग्रीनचं 'लेट्स स्टे टुगेदर' केलं. हे गाणं कृपा करून हेडफोन लावून ऐका. मूळ गाणं १९७१ च्या अखेरचं, १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. अल ग्रीन ते असं गातो की जणू कोणी शेजारी झोपलंय आणि त्याला जागं करायचं नाही. टीना सुरुवात करते तेव्हा ताल जवळजवळ नाहीच. मागे थंड, काचेसारखे सिंथचे सूर, आणि त्यावर हा खरखरीत, उन्हात वाळलेला आवाज. ओरडत नाही, बोलते. अल ग्रीन 'एकत्र राहू या' म्हणतो तेव्हा ती विनवणी वाटते. टीना म्हणते तेव्हा कळतं की हिला सोडून जाणं म्हणजे काय ते माहीत आहे आणि तरीही ही राहण्याबद्दल बोलते आहे. मग ठेका येतो, आणि ती त्याच्यावर स्वार होते. वेअर सांगतो की हे पहिल्याच टेकमध्ये झालं. यंत्र थंड होतं म्हणून आवाजाची ऊब इतकी जाणवते. मागे चांगला मेम्फिस बँड असता तर तीच ऊब वादकांत वाटली गेली असती.

नोव्हेंबर १९८३ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये आलं आणि सहाव्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेतल्या डान्स क्लबांतून लोक ब्रिटनहून मागवलेल्या प्रती वाजवायला लागले, तेव्हा तिच्याच अमेरिकन कंपनीनं ते तिथे काढलं. आणि मग घाई: अल्बम हवा, लगेच हवा! तिचा ऑस्ट्रेलियन मॅनेजर रॉजर डेव्हिस लंडनमध्ये गाणी गोळा करत फिरला, आणि दोनेक आठवड्यांत वेगवेगळ्या निर्मात्यांबरोबर बहुतेक 'प्रायव्हेट डान्सर' उभा राहिला. शीर्षकगीत ब्रिटिश गिटारवादक मार्क नॉफ्लरचं. त्याला ते बाईनं गायचं गाणं वाटलं म्हणून त्यानं बाजूला ठेवलं होतं. वाजवायला त्याचाच डायर स्ट्रेट्स बँड आला, फक्त तो स्वतः नव्हता, गिटारवर जेफ बेक.

'व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट' तिला मुळीच आवडलं नव्हतं. तिला ते फार गोडगोड, पॉप वाटलं. म्हणजे माझ्या मित्राचं मत तिचंही होतं, काही दिवस! मग संगीतकार टेरी ब्रिटननं ते तिच्या गळ्याप्रमाणे बदललं, आणि तिनं ते गोड राहू दिलं नाही. प्रेमाशी माझा काय संबंध, असं विचारणारं गाणं वीस वर्षांच्या मुलीनं म्हटलं तर तो तोरा ठरेल. तिनं म्हटलं, आणि सप्टेंबर १९८४ मध्ये ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. तोवर हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या मुख्य यादीच्या शिखरावर तिच्याएवढ्या वयाची एकल गायिका पोचली नव्हती. अल्बम अमेरिकेत तिसऱ्या, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर. जगभरात एक कोटीच्या वर प्रती. पुढच्या फेब्रुवारीत तीन ग्रॅमी तिच्या हातात, आणि चौथा त्या गाण्याच्या लेखकांना.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. त्या काळात अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या एका यादीचं अधिकृत नाव 'ब्लॅक सिंगल्स' असं होतं. १९८२ मध्ये 'सोल' हे नाव काढून हे ठेवलं गेलं. 'सोल सोडलं' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की ते घर सोडताना तिनं संगीत सोडलं की एक पाटी सोडली.

संगीत सोडलं नाही, याचा पुरावा अल्बमवरच आहे. 'लेट्स स्टे टुगेदर' अल ग्रीनचं. 'आय कान्ट स्टँड द रेन' ॲन पीबल्सचं. ही दोन्ही मूळ गाणी मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्सची, विली मिचेल या एकाच निर्मात्याच्या हातची. आणि मेम्फिस कुठे? टेनेसीत, नटबुशहून मोटारीनं तासाभराच्या वाटेवर. कापसाच्या शेतांतून आलेली ही बाई लंडनमध्ये जाऊन आपल्या जिल्ह्याकडचीच गाणी गात होती. फक्त मागे ब्रिटिश यंत्रं होती.

सगळा अल्बम सारखाच चांगला आहे असं मी म्हणत नाही. डेव्हिड बोवीचं '१९८४' हे गाणं तिच्या गळ्यात बसत नाही, आणि दोन-तीन ठिकाणी ड्रम आता डब्यासारखे वाजतात. पुढचा 'ब्रेक एव्हरी रूल' मला जरा जास्तच इस्त्री केलेला वाटतो. पण 'तिनं दुःख गायचं बंद केलं' अशीही तक्रार होते, ती मला मान्यच नाही. १९८१ मध्ये तिनं एका मासिकाला आइकबद्दल सगळं सांगितलं ते यासाठी, की एकदा सांगून टाकू म्हणजे लोक विचारायचे थांबतील. लोक थांबले नाहीत. प्रत्येक मुलाखतीत तेच. तिला जुनी गाणी त्या आयुष्याशी जोडलेली वाटायची, तिला रॉक गायचं होतं, मैदानं भरायची होती. जिनं भोगलं तिनं जन्मभर भोगलेलंच गावं, ही अपेक्षा कुठल्या प्रेमातून येते? मला तर ती क्रूर वाटते.

मैदानं तिनं भरलीच. जानेवारी १९८८ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर १ लाख ८० हजारांहून जास्त लोक होते. १९८९ चा 'फॉरेन अफेअर' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेत ३१ व्या. १९६६ सालचंच गणित पुन्हा. १९९० चा तो दौरा तिनं युरोपातच केला आणि तीस लाखांच्या वर लोकांनी तो पाहिला. नव्वदच्या दशकात ती झुरिकजवळ राहायला गेली, २०१३ मध्ये स्विस नागरिक झाली, अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं. २४ मे २०२३ ला तिथेच वारली.

इथे एक गंमत नव्हे, मला हलवून गेलेली गोष्ट. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीनं एकदा एक व्हिडिओ टाकला. 'सर्वेषां स्वस्तिर्भवतु' म्हणणारी एक परदेशी बाई, शांत चेहरा, स्वच्छ उच्चार. मावशीनं लिहिलं होतं, "बघा, कोण आहे माहीत नाही, पण किती मनापासून म्हणते." ती टीना होती. 'बियाँड' नावाच्या स्विस उपक्रमासाठी तिनं ते म्हटलं होतं. सत्तरच्या दशकात, आइकच्या घरात असतानाच, ती 'नाम म्योहो रेंगे क्यो'चा जप करायला लागली होती. म्हणजे बौद्धांच्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या जपानी नावाला केलेलं वंदन. त्या जपानं आपल्याला घराबाहेर पडायचं बळ दिलं असं तिनं अनेकदा सांगितलंय. मी मावशीला फोन करून सगळी हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "छत्तीस सेंट म्हणजे किती गं?"

मी तिला पहिल्यांदा ऐकलं ते मामानं मस्कतहून आणलेल्या कॅसेटवर, शाळेत असताना. बाबांनी दारातून विचारलं होतं, हिचा घसा बसलाय का. पण तेही दाराशीच उभे राहिले, गाणं संपेपर्यंत.

आणखी एक, कारण हे मला फार उशिरा कळलं. तिच्या शेवटच्या दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम ५ मे २००९ ला झाला. तेव्हा ती ६९ वर्षांची होती. गाव होतं शेफील्ड.

कॅसेट अजून आहे. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं 'लेट्स स्टे टुगेदर'. तिथे टेप इतकी घासली गेलीय की पहिले काही शब्द आता पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. मित्रा, रविवारी घरी ये. तुझ्याकडची रेकॉर्डही आण, १९६६ ची. दोन्ही एकामागून एक लावू.