रायझोबियम ज्वारीला चालत नाही

'कुठल्याही बियाण्याला रायझोबियम चोळा आणि युरिया विसरा' असा मेसेज पेरणीच्या तोंडावर फिरतोय. तो चुकीचा आहे. रायझोबियम हे जिवाणू हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या गाठी करतात त्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर. त्यातही सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला उपयोगाचं नाही, कारण जिवाणूच वेगळे. गाठ फोडून बघा, आत गुलाबी असेल तर नत्र मिळतंय. ज्वारी, गव्हाला अॅझोटोबॅक्टर हे नत्र देणारे दुसरे जिवाणू वापरतात, पण त्याने युरियाची थोडी बचत होते, सुट्टी नव्हे. मात्रा १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. बियाणं सावलीतच सुकवा. उन्हात टाकलंत तर जिवाणू मरतात आणि बदनाम मात्र पाकीट होतं!